गुरुवारी धाविक बघायला

चाकणला फिरायला चालले असं सांगितलं की लोक विचारतात, कुठल्या कंपनीत काम आहे? पाखरं बघायला, असं म्हटलं की आधी माझ्या पांढऱ्या केसांकडे बघतात, मग पायातल्या बुटांकडे, आणि विषय बदलतात. त्यांना तरी काय बोलणार? मी स्वतः तीसेक वर्षं कंपनीच्या बसमधून त्याच माळांवरून गेले आणि सगळा रस्ता खिडकीला डोकं टेकून झोपा काढल्या. क्वचित जागी असलेच तर बाहेर बघून म्हणायचे, "काय हे ओसाड." कोकणातून आलेली मी. जिथे नारळ नाही ती जमीनच नाही, असा माझा ठाम समज. एक वेणी, दोन गजरे आणि मतं पोतंभर, अशी ती बाई होती. आज बसमध्ये शेजारी बसली तर मी सीट बदलेन.

तर हा प्रवास पिंपळे गुरवपासून चाकणपर्यंतचा. नकाशावर बोटाच्या पेरात मावेल एवढाच. ज्यांनी हा टापू फक्त गाडीच्या काचेतून पाहिलाय, त्यांच्यासाठी लिहिते आहे.

सोबत होत्या शेवंताबाई, माझ्या मुलाच्या सासूबाई, म्हणजे माझ्या विहीणबाई. लातूरकडच्या. लेकीकडे चार दिवस राहायला आलेल्या आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीने परत जाणाऱ्या. एका रात्री जेवताना गावच्या माळाचा विषय निघाला. लहानपणी त्या तिथे शेरडं राखायच्या. म्हणाल्या, एक पाखरू असायचं मातीच्या रंगाचं. पळतंय, थांबतंय, मान वर करून बघतंय, परत पळतंय. आता त्या माळावर सौरऊर्जेच्या काचा बसल्यात, आणि पाखरू किती वर्षांत दिसलं नाही. "एकदा दिसावं वाटतंय बघा," एवढंच म्हणाल्या आणि भाकरी मोडली. ही बाई कधी कुणाकडे काही मागत नाही. चहात साखर कमी असली तरी बोलत नाही.

मी ते पाखरू ओळखलं. धाविक. आठवड्यापूर्वीच चाकणच्या एका मोकळ्या प्लॉटवर मी ते अंड्यांवर बसलेलं बघून आले होते. झालं, सुनेच्या देखत मी बोलून बसले, की विहीणबाई, ते दाखवल्याशिवाय तुम्हाला गाडीत बसू देणार नाही. विहिणीपुढे केलेली बढाई म्हणजे काय असते, हे ज्यांची मुलं लग्नाची झाली त्यांनाच कळेल.

मंगळवार, दापोडी

एकदम माळावर न नेता आधी शेवंताबाईंचा हात दुर्बिणीवर बसवायचा, असं मी ठरवलं. शिमगा होऊन गेला होता, पाडवा यायचा होता. थंडीत आलेले पाहुणे पक्षी परतीला लागतात ते याच दिवसांत. दापोडीत रुळांच्या कडेच्या गल्लीत एक पिंपळ आहे. त्याला फळं धरली होती आणि त्यावर भोरड्या उतरल्या होत्या. काळं डोकं, काळे पंख, आणि मधलं अंग फिक्कं गुलाबी. हजारो मैलांवर, हिमालयाच्याही पलीकडे जायचं म्हणून पोट भरून घेत होत्या. कलकलाट एवढा की खाली चहाच्या गाडीवरचा माणूस गिऱ्हाइकाला बोटांनी विचारत होता, एक की दोन.

मी दुर्बीण शेवंताबाईंच्या डोळ्यांना लावून दिली. चाक कसं फिरवायचं ते दाखवलं. त्यांनी फिरवलं, पाखरं स्पष्ट झाली असावीत, कारण दुसऱ्या क्षणी त्यांनी दुर्बीण माझ्या हातात कोंबली, दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं "हाऽऽ हाऽऽ हुर्रऽऽ" केलं. पिंपळ एका झटक्यात रिकामा. पांघरूण झटकावं तसा थवा वळला आणि रुळांपलीकडे गेला. चहावाला धावत आला, म्हणाला, मावशी, काय झालं, चोर आला का?

शेवंताबाई पदर तोंडावर घेऊन उभ्या. म्हणाल्या, "जन्मभर ज्वारीत हेच केलंय हो. हात आपोआप वर गेले."

त्यांच्याकडे भोरड्या म्हणजे टोळधाडच. ज्वारी हुरड्यात आली की घरातलं माणूस मचाणावर आणि हातात गोफण. आमच्या कोकणात ज्वारीही नाही आणि गोफणही नाही, त्यामुळे मला हे पाखरू बरीच वर्षं माहीतच नव्हतं. तिशीत पहिल्यांदा पाहिलं तेव्हा धुळवडीच्या रंगात भिजलेल्या साळुंक्या आहेत, असं मी मुलाला पूर्ण खात्रीने सांगितलं होतं. पोर ते वर्गात सांगून आलं. बाईंनी त्याला विचारलं, हे तुला कुणी शिकवलं. पुढचं पालकसभेत झालं.

थवा काही परत आला नाही. चहा मात्र फुकट मिळाला, गल्ली शांत केल्याबद्दल.

बुधवार, मोशी

मोशीला इंद्रायणीच्या काठी गेलो. पलीकडे उंच इमारती, अलीकडे जलपर्णी, मधे थोडं मोकळं पाणी. पण पक्ष्यांना आपल्याइतके नखरे नसतात. काठच्या ओल्या गाळात धोबी पक्षी शेपट्या हलवत फिरत होते आणि तारेवर भिंगऱ्या ओळीने बसल्या होत्या, गाडीची वाट बघत असल्यासारख्या. कालच्या अनुभवामुळे शेवंताबाईंनी दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते.

तिथे म्हशी धूत एक म्हातारबाबा भेटले. मूळ मोशीचेच. आमच्याकडे बराच वेळ बघून विचारलं, "पाखरं बघाया आल्या व्हय?" मग स्वतःच सांगू लागले. शेत होतं तिथे आता इमारत आहे. त्यातल्या बाराव्या मजल्यावर ते राहतात. म्हशी मात्र सोडवल्या नाहीत. भाड्याच्या गोठ्यात आहेत. मी विचारलं, वरून म्हशी दिसतात का? म्हणाले, "आमी न्हाई बघत. त्याच वर बघत्यात."

त्यांच्याशी बोलण्याच्या नादात मी धोब्याच्या मागे दोन पावलं जास्त गेले आणि उजवा पाय पोटरीपर्यंत गाळात. पाय बाहेर आला, बूट राहिला. बाबांनी म्हशीची काठी घालून बूट उकरून दिला आणि म्हशींबरोबर तोही धुवून दिला. शेवंताबाई हसल्या नाहीत. हसू दाबताना त्यांचे खांदे हलत होते, एवढंच.

घाटाच्या पायरीवर बसून जेवलो. त्यांनी धपाटे आणले होते, मी घावणे. माझा घावणा त्यांनी उन्हात धरून पाहिला, आरपार उजेड दिसतो का ते. "तुमचं खाणं लई गरीब हाय, इहीणबाई. तिखट न्हाई, काय न्हाई." मी त्यांचा धपाटा खाल्ला आणि घाईने बाटली उघडू लागले. नाकाडोळ्यांतून पाणी.

त्यांच्या खांद्यांची परतफेड म्हणून मीच मग माझी फजिती सांगितली. तिशीतच कंपनीच्या बायकांची सहल एका तळ्यावर गेली होती. मी पिवळीजर्द साडी, डोळ्यांवर गॉगल, पावडर पोतंभर. पाण्याच्या कडेला काहीतरी गुलाबी हललं. मी ओरडले, रोहित पक्षी, रोहित पक्षी. सगळ्या बायका गोळा झाल्या. मी त्याची मान, पाय, सगळं समजावून सांगितलं. शेवटी पर्यवेक्षक साहेब पुढे आले, डोळ्यांवर हात धरून बघितलं, आणि म्हणाले, ताई, त्याला धरायला बंद आहेत. दुकानाची पिशवी होती. पुढे निवृत्तीपर्यंत मला डब्याच्या सुट्टीत कुणी गुलाबी पिशवी दाखवली नाही असा महिना गेला नाही.

घरी आल्यावर यजमानांना सांगितलं, उद्या गुरुवार, उद्या चाकण. ते पेपरातून वर बघून नुसते हसले. मला वाटलं, चालले आहे म्हणून बरं वाटलं असेल.

गुरुवार, चाकण

बाहेरच्या माणसाला सांगायला हवं, की आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. कधीकाळी वीज पुरावी म्हणून दिवस वाटून दिले, तेव्हापासून चालत आलंय. इथली लग्नं, जावळं, घर बदलणं, सगळं गुरुवार बघून. पुण्याचे पक्षीवाले लोक मोठ्या कॅमेऱ्यांसह रविवारी येतात आणि डंपरची धूळ खाऊन परत जातात. मी विचार केला, आपण गुरुवारी जाऊ. ट्रक नाहीत, भोंगे नाहीत, माळ शांत. या हुशारीबद्दल मी सकाळपासून स्वतःवर खूश होते.

भोसरीहून बस, पुढे सहा सीटर, आणि शेवटचा तुकडा पायी. कंपन्यांच्या लांबच लांब पत्र्याच्या शेड आणि त्यांच्यामध्ये अजून कुणी न बांधलेले प्लॉट. खुरटं पिवळं गवत, खडे, एखादी बाभूळ. हेच माझं जुनं ओसाड. आता नीट पाहिलं तर वाळवंटाकडची सगळी मंडळी इथेच उतरलेली. एका खड्यावर रणगोजा ताठ उभा, छाती काढून. गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतका खाली शिकारी भोवत्या तरंगत गेला. तोही आता उत्तरेकडे निघायचा. माळटिटवी आम्हाला बघून ओरडली. चंडोल वर चढून गात होता आणि दगडासारखा खाली पडत होता. शेवंताबाईंच्या लुगड्याच्या काठाला कुसळं चिकटली होती. त्या ती न काढता चालत होत्या. म्हणाल्या, गावाकडं आल्यागत वाटतंय.

मग शेडचं वळण संपलं आणि माझा प्लॉट दिसला. त्याच्या मधोमध तीन स्टंप होते. चारी बाजूंनी पांढऱ्या फक्कीची सीमारेषा आखलेली. कडेला मोटारसायकली, त्यांच्या आरशांना टांगलेले शर्ट, बर्फाच्या लादीवर ठेवलेलं पाणी. मॅच चालू होती.

तेव्हा मला यजमानांचं हसू कळलं. हा माणूस तीस वर्षं दर गुरुवारी बॅट घेऊन घराबाहेर पडायचा. तो कुठे खेळत असेल, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मोकळा माळ, सुट्टीचा दिवस आणि शिफ्टमधून सुटलेली पोरं. दुसरं काय होणार होतं?

आम्ही बाभळीखाली उभ्या राहिलो आणि मी दुर्बीण लावली. प्लॉटच्या डाव्या टोकाला हद्दीचा एक दगड आहे. त्याच्या अलीकडे उघड्या मातीवर अंडी होती. धाविक घरटं बांधत नाही. खड्यांच्या रंगाची अंडी खड्यांतच घालतो आणि उन्हात त्यांच्यावर स्वतःची सावली धरून बसतो. आता त्या दगडाला टेकून एक क्षेत्ररक्षक उभा होता, पाण्याची बाटली हातात घेऊन. धाविक लांब, पार रस्त्याच्या कडेला. पळायचा, थांबायचा, मान वर करून दगडाकडे बघायचा, आणि माणूस तिथेच आहे बघून परत मागे पळायचा.

मी शेवंताबाईंना दाखवला. तांबूस डोकं, डोळ्यावरून गेलेली काळी आणि पांढरी रेघ, उंच पाय. त्यांनी बराच वेळ बघितला. मला वाटलं, चला, सुटले मी, दाखवायचा शब्द पाळला. पण त्यांनी दुर्बीण खाली घेतली ती हसत नाही. विचारलं, अंडी कुठं आहेत? मी दगड दाखवला. त्यांनी आभाळात सूर्याकडे बघितलं, मग खाली मातीला हात लावून बघितला. माती भाजत होती.

"असं दाराबाहेर उभं केलेलं पाखरू बघायला न्हाई आले मी," त्या म्हणाल्या. "शिजतील की अंडी. पोरांना सांगा."

आता जाऊन काय सांगणार? तुमची मॅच थांबवा म्हणून? आठवड्याची एक सुट्टी त्यांची. पण शेवंताबाई माझी वाट न बघता निघाल्याच होत्या, सरळ खेळपट्टीवरून. बोलर धावत येता येता थांबला.

सामना एकाच कंपनीतल्या पेंट शॉप आणि वेल्ड शॉप या दोन विभागांचा होता, फायनल. वेल्ड शॉपचा कॅप्टन दीपक नावाचा, शांत डोक्याचा मुलगा. त्याने सगळं ऐकून घेतलं. त्याने दोनच गोष्टी सांगितल्या. मॅच हलवता येत नाही, कारण दुसरे प्लॉट खोदलेले आहेत, आणि पुढच्या गुरुवारी ओव्हरटाइम लागलाय. मी म्हटलं, मॅच हलवू नका, फक्त बाभळीपासून त्या दगडापर्यंतची बाजू सोडा. तिकडे कुणी उभं राहायचं नाही. अंडी नेमकी कुठे, ते मात्र मी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर अकरा अधिक अकरा बघायला गेले असते.

दीपकने थोडा विचार केला आणि गल्लीतल्या क्रिकेटचा जुना कायदा लावला. शेजारणीच्या अंगणात चेंडू गेला की आउट, तसं. "डाव्या बाजूला फक्कीपलीकडे गेला तर आउट. आणि चेंडू कुणी आणायला जायचं नाही."

यावर पेंट शॉपचा बॅट्समन पुढे आला. बालाजी. दंड माझ्या मांडीएवढे. तो म्हणाला, "दीप्या, हा नियम पाखरासाठी हाय का माझ्यासाठी? माझा एकच शॉट हाय राव, तिकडंच जातोय."

दोन्ही टीम हसल्या. दीपकही हसला, पण नियम काही मागे घेतला नाही. बालाजी आमच्याकडे वळून कुरकुर करणार तेवढ्यात शेवंताबाईंनी त्याला गाव विचारलं. अहमदपूरच्या बाजूचं निघालं. मग आजोळ, मग मामाचं नाव. एवढं झाल्यावर त्या म्हणाल्या, "लेकरा, तुझ्या मामाच्या माळावर बी होती ही. आता तिथं न्हाई ऱ्हायली. हितं एक हाय."

बालाजी बॅट उचलून क्रीजवर गेला.

दगडाजवळचा पोरगा इकडच्या बाजूला आला. आम्ही बाभळीखाली. मॅच पुन्हा सुरू झाली, आणि माझं अर्धं लक्ष तिकडे, अर्धं रस्त्याकडे. धाविक लगेच आला नाही. टोकाच्या गवतापाशी आला, थांबला. थोडा आत पळाला, पुन्हा थांबला. सिक्सर गेला की दबकायचा, ओरडा शांत झाला की पुढे सरकायचा. शेवंताबाईंचे ओठ हलत होते, जणू त्या त्याला हळूहळू हाकत होत्या. तिकडे बालाजी चेंडू सरळ मारायचा प्रयत्न करत होता, आणि ते त्याला अजिबात जमत नव्हतं.

धाविक दगडापाशी पोचला, तेव्हा शेवटच्या ओव्हरचा शेवटचा चेंडू राहिला होता आणि पेंट शॉपला सहा हवे होते. वेल्ड शॉपचा बोलर काही साधू नव्हता. त्याने नेमका पायांवर टाकला. बालाजीने मारायचं नाही असं ठरवलं असेल नसेल, हातांनी ऐकलं नाही. चेंडू उंच गेला, आमच्या डोक्यांवरून, आणि दगडाच्या अलीकडे पडला. एक टप्पा धुळीत उठला. धाविक तीरासारखा पळाला.

वेल्ड शॉपवाले उड्या मारत मैदानात धावले. मग एकेकाच्या ध्यानात आलं आणि ओरडा विरत गेला. बालाजी बॅट टाकून दगडाच्या दिशेने चार पावलं गेला. मी त्याला थांब म्हणणार होते, पण तो आपणच थांबला.

चेंडू कुठे पडला होता ते दिसत होतं. अंडी खड्यांसारखी, इतक्या लांबून ती दुर्बिणीतूनही दिसत नव्हती. फुटली की राहिली? जाऊन बघावं तर धाविक आणखी लांब जाणार. कळायचा एकच मार्ग होता. अंडी असतील तर तो बसेल. नसतील तर थोडा वेळ घुटमळेल आणि निघून जाईल.

मग सगळे उभे राहिले. जिंकलेले आणि हरलेले. कुणी पाण्याकडेही गेलं नाही. एकाचा फोन वाजला, त्याने तो न बघता बंद केला. धाविक परत आला, तसाच तुकड्यातुकड्यांनी. दगडापाशी पोचला आणि चेंडू दिसल्यावर अडला. एका बाजूने बघितलं, दुसऱ्या बाजूने बघितलं. चेंडूला वळसा घातला. मग पिसं जरा फुलवली, पाय दुमडले, अंगाखाली काहीतरी सारखं केलं, आणि बसला.

नर की मादी हे आम्हाला कुणालाच सांगता येत नव्हतं. दोघंही सारखीच दिसतात. पण अंड्यांवर बसली म्हणून पोरांनी ती बाई ठरवून टाकली होती. बालाजीकडे दुर्बीण नव्हती. त्याने शेवंताबाईंना विचारलं, "बसली का, मावशी?"

"बसली," त्या म्हणाल्या. दुर्बीण डोळ्यांवरून काढली नाही. ती परत मागायची माझी छाती झाली नाही. नंतर पाळीपाळीने दोन्ही टीमनी त्यांच्याकडून मागून घेतली, आणि प्रत्येकाला त्या चाक कसं फिरवायचं ते दाखवत होत्या.

दीपक म्हणाला, बालाजी आउट, वेल्ड शॉप जिंकलं. बालाजी म्हणाला, मान्य. पुढची मॅच लगेच सुरू करू, त्यात बघतो तुम्हाला. सगळ्यांनी होकार दिला, स्टंपही नीट ठोकले. पण पुढची मॅच झाली नाही. दुसरा चेंडू सकाळीच शेजारच्या बंद कंपनीच्या भिंतीपलीकडे गेला होता, आणि उरलेला त्या बाईच्या शेजारी पडला होता. तो आणायला कुणी गेलं नाही.